सातवा बचावपटू

एप्रिलमधल्या त्या शुक्रवारी गुणवंत दळवी रुवैसहून घरी निघाला, तेव्हा त्याच्या मनात निर्णय होऊन गेला होता. त्याच्या मुलाला, शौर्यला, अमेरिकेतल्या दोन कॉलेजांनी आइस हॉकी खेळायला बोलावलं होतं. शिकण्याचा, राहण्याचा, जेवणाचा सगळा खर्च दोन्ही कॉलेजं उचलणार होती, त्यामुळे पैशांचा प्रश्न नव्हता. एक होतं बॉस्टनजवळचं एल्डरब्रुक, जुनं आणि नामवंत. गुणवंतच्या ब्रिटिश मॅनेजरने ते नाव ऐकून भुवया उंचावल्या होत्या. दुसरं नॉर्थ पाइन स्टेट, मिशिगनच्या पार उत्तरेला. ते गुणवंतला फोनवरचा नकाशा दोन बोटांनी मोठा करत करत शोधावं लागलं होतं. यात विचार करण्यासारखं काय आहे, हेच त्याला कळत नव्हतं.

गुणवंत तेलशुद्धीकरण कारखान्यात मेंटेनन्स प्लॅनिंगचं काम करायचा. आठवडाभर रुवैसला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि शुक्रवारी दुपारी सुटला की वाळवंटातून सरळसोट रस्त्याने अबू धाबीला, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी यायचा. घरी बायको सुचित्रा होती. ती मुसाफ्फातल्या एका स्पेअर पार्ट्सच्या कंपनीत अकाउंट्स बघायची. मुलगी केया दहावीत होती. शौर्य एकोणीस वर्षांचा होता. तो गेली चार वर्षं कॅनडात होता, आधी एका हॉकीच्या शाळेत आणि मग तिथल्या ज्युनियर लीगमध्ये. मोसम संपला म्हणून तो घरी आला होता.

अबू धाबीतला मुलगा बर्फावर कसा गेला, असं लोक नेहमी विचारत. त्याचं उत्तर फारसं रंजक नव्हतं. एका जुलैत शाळेला सुट्टी होती, बाहेर पाऊल टाकवत नव्हतं, आणि झायद स्पोर्ट्स सिटीतल्या बर्फाच्या रिंकवर लहान मुलांचा कॅम्प होता. सुचित्राने त्याला त्यात घातलं. तेव्हापासून भर उन्हाळ्यात तिच्या गाडीच्या डिकीत स्वेटर आणि लोकरी मोजे असायचे, आणि घामाने भिजलेल्या पॅड्सचा एक वास, जो कितीही फवारे मारले तरी जायचा नाही.

शौर्य बचावाला खेळायचा. आइस हॉकीत चेंडूऐवजी पक नावाची रबरी चकती असते, आणि गोलकीपर सोडला तर एका संघाचे पाच जण बर्फावर असतात, त्यात दोन बचावाचे. मिनिटभर खेळलं की माणूस दमतो, म्हणून जोड्या सतत बदलत राहतात. एका सामन्याला सहसा अशा तीन जोड्या, म्हणजे सहा बचावपटू लागतात. सातवा असेल तर तो कोट-टाय घालून वर प्रेक्षकांत बसतो.

आणि ड्राफ्ट. अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या व्यावसायिक लीगमधले बत्तीस संघ दर जूनमध्ये सात फेऱ्यांत तरुण मुलं निवडतात. ज्या संघाने नाव पुकारलं त्याचा त्या मुलावर हक्क. शौर्यसारख्याला त्यात तीन संधी मिळतात, अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या वर्षी. पहिल्या खेपेला त्याचं नाव आलं नव्हतं. येत्या जूनमध्येही येणार नाही हे त्याला माहीत होतं. तो उशिरा उंच झाला होता आणि अंगाने अजून भरला नव्हता. उरली पुढच्या वर्षीची, शेवटची. म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट लोकांना दाखवायला त्याच्याकडे कॉलेजचा पहिला मोसम होता, तेवढाच.

"एल्डरब्रुकला हो कळवलंस का?" गुणवंतने चहा पिता पिता विचारलं.

"नाही. मी नॉर्थ पाइनचा विचार करतोय."

"का?"

"देअर आय विल प्ले," शौर्य म्हणाला. दळवींची दोन्ही मुलं आईबाबांच्या मराठीला इंग्रजीत उत्तर देत. पण विषय महत्त्वाचा असला की शौर्य मराठीत शिरायचा आणि त्याची वाक्यं आखूड व्हायची. "एल्डरब्रुककडे सहा डिफेन्समन आहेत, बाबा. चौघं आधीच ड्राफ्ट झालेत. मी सातवा."

"सातवा असलास तरी एल्डरब्रुकचा सातवा," गुणवंत म्हणाला, आणि त्याने आपली जुनी गोष्ट काढली. ती घरात सगळ्यांना पाठ होती. बारावीनंतर त्याच्यापुढे दोन रस्ते होते. पुण्यातलं नावाजलेलं कॉलेज आणि मेटलर्जी, नाहीतर सांगलीकडचं एक कॉलेज आणि त्याला हवं असलेलं मेकॅनिकल. कॉलेज बघायचं की ब्रँच, यावर घरात आठवडाभर खल झाला. त्याने कॉलेज बघितलं. "आजही बायोडेटावर ते नाव वाचलं की समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. ब्रँच कोणी विचारत नाही."

"बट बाबा, यू डोन्ट इव्हन डू मेटलर्जी," केया म्हणाली.

"तेच तर सांगतोय."

सुचित्राने शौर्यला विचारलं, "त्या सातव्याला खेळायला कधी मिळतं?"

"कोणी इन्जर्ड झालं तर."

"म्हणजे वर्षभर दुसऱ्याचा पाय मोडायची वाट बघायची," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

शौर्यने मग खरं कारण सांगितलं. नॉर्थ पाइनचा कोच, मॅकॉल नावाचा माणूस, शौर्य खेळायचा त्या कॅनडातल्या छोट्या गावात स्वतः आला होता. सामना बघायला सगळेच येत. मॅकॉल सराव बघायला आला. सराव संपल्यावर म्हणाला, पक आणायला मागे जाताना तू नेहमी डाव्या खांद्यावरून बघतोस, उजव्यावरून कधीच बघत नाहीस, म्हणून त्या बाजूने तुला मार बसतो, हे मी तुझ्याकडून सुधारून घेईन. मग शौर्य ज्या कुटुंबाकडे राहायचा त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मॅकॉलने पुढच्या चार वर्षांचा आराखडा मांडला. कोणत्या वर्षी काय शिकवणार, कोणाबरोबर खेळवणार. "चार वर्षांत मला हे कोणीच सांगितलं नव्हतं, बाबा. खांद्याचं."

"खांदा काय, एल्डरब्रुकवालेही बघतील," गुणवंत म्हणाला. पण आवाज थोडा खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी ते फहदला भेटायला रिंकवर गेले. फहद शौर्यचा पहिला कोच. तो इथलाच, अमिराती. दिवसा सरकारी खात्यात काम करायचा आणि संध्याकाळी मुलांना शिकवायचा. तरुणपणी देशाच्या संघातून बचावालाच खेळला होता. गुणवंतशी तो हिंदीत बोलायचा. हा खेळाडू माणूस, म्हणजे मुलाचीच बाजू घेणार, अशी गुणवंतची अटकळ होती. तरी विचारायचं म्हणून त्याने विचारलं.

"एल्डरब्रुक," फहद ताबडतोब म्हणाला. "सुनो हबीबी, स्काउट भी आदमी है. उसको भी अच्छा होटल चाहिए, अच्छा खाना चाहिए. बॉस्टन में वो दो दिन में तीन मॅच देखता है. तुम्हारे नॉर्थ पाइन में बर्फ में छह घंटा गाडी कौन चलाएगा?"

गुणवंत खूश झाला. शौर्य लहान पोरांबरोबर बर्फावर होता, तो कठड्यापाशी आला तेव्हा फहदने तेच पुन्हा सांगितलं. शौर्यने शांतपणे ऐकून घेतलं.

"पण मी वर बसलेला असेन तर तो बघणार काय?"

फहद हसला. "ये भी सही है." मग गुणवंतकडे वळून त्याने हात पसरले. "देखो भाई, मैंने बोल दिया. जाना इसको है."

रविवारी दुपारी शौर्यने नॉर्थ पाइनला हो कळवलं. कोणी आईबाबांची सही मागितली नाही. मुलगा सज्ञान होता. त्याचा कॅनडातला जोडीदार ब्रेडन, जो तीन मोसम त्याच्याबरोबर बचावाला खेळला होता, तोही तिकडेच जाणार होता. दोघं एका खोलीत राहणार होते. गुणवंत त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर रुवैसला निघाला.

मे संपता संपता मॅकॉलचा फोन आला. सुचित्रा तेव्हा स्वयंपाकघरात होती. बाहेरच्या खोलीतून तिला शौर्यचं "येस सर", "थँक यू सर" एवढंच ऐकू येत होतं. फोन ठेवून तो आत आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"मॅकॉल नॉर्थ पाइन सोडतोय. एल्डरब्रुकने त्याला घेतलंय."

"मग?"

"मलाही चल म्हणतोय. ब्रेडन चाललाय. आणखी दोघं डिफेन्समन चाललेत."

सुचित्राने गुणवंतला फोन लावला. तो कारखान्यात होता, मागे यंत्रांची घरघर होती, पण त्याचा आनंद त्या आवाजातूनही कळत होता. "बघ, देवच पावला! कोच तोच आणि कॉलेजही हवं तेच. आता प्रश्नच मिटला."

शौर्यने मात्र त्या संध्याकाळी नॉर्थ पाइनला फोन केला. तिथे मागे उरलेल्या असिस्टंट कोचने तो उचलला. हाही नाही म्हणायलाच फोन करतोय असं त्याला वाटलं असावं, कारण तो आधीच "समजू शकतो" वगैरे बोलायला लागला. शौर्यने विचारलं, बचावाला किती जण उरलेत?

"तीन," असिस्टंट म्हणाला. "तू आलास तर चार."

शुक्रवारी गुणवंत घरी आला तेव्हा शौर्यचं ठरलेलं होतं. गुणवंतने चपला काढायच्या आधीच विषय काढला.

"ज्या माणसासाठी तू ते कॉलेज घेतलंस, तो माणूसच तिथून गेला. आता तिथे आहे काय?"

"जागा आहे."

"हा निव्वळ हट्ट आहे, शौर्य."

"मॅकॉलबद्दल माझं चुकलं. आय ॲडमिट. पण एल्डरब्रुकचे ते सहा अजून तिथेच आहेत ना? प्लस ब्रेडन. प्लस ते दोघं." तो बोटांवर मोजत नव्हता, पण त्याने हे बऱ्याच वेळा मोजलं असावं असं बोलणं होतं. "मॅकॉल म्हणाला, पहिल्या वर्षी पेशन्स ठेव. बाबा, मला एकच वर्ष आहे. पेशन्स कुठून आणू?"

"आणि नॉर्थ पाइनला नवा कोच येईल. तो तुला खेळवेल कशावरून?"

"कशावरूनच नाही."

"मग?"

"मग काही नाही. खेळवेल बहुतेक. त्याच्याकडे दुसरं कोण आहे?"

गुणवंत आयुष्यभर कारणं देणाऱ्या माणसांशी वाद घालत आला होता. मुलाचं कारण त्याला बिनचूक वाटत होतं, आणि निर्णय चुकीचा. हे दोन्ही एकत्र कसं असू शकतं ते त्याला सांगता येईना. तो चिडून गॅलरीत जाऊन बसला आणि बाहेरच्या उकाड्याने पाच मिनिटांत परत आत आला.

दुसऱ्या दिवशी सुचित्रा आणि शौर्य भाजी आणायला गेले होते. गाडी पार्क करून एसी चालू ठेवून ती तशीच बसून राहिली.

"वाईट वाटलं का रे, मॅकॉलचं?"

तो खिडकीतून बाहेर बघत होता. "चार वर्षं म्हणाला होता, आई. किचनमध्ये बसून." मग म्हणाला, "फोनवर सॉरी पण म्हणाला नाही. डायरेक्ट नव्या जर्सीचं बोलायला लागला."

यापलीकडे या विषयावर तो कधी बोलला नाही. जूनमधला ड्राफ्ट अपेक्षेप्रमाणे त्याच्या नावाशिवाय झाला, त्याची घरात चर्चाही झाली नाही. ऑगस्टमध्ये तो नॉर्थ पाइनला गेला.

तिथे आलेला नवा कोच मितभाषी, पन्नाशीचा गृहस्थ होता. आधी तो शाळेच्या संघांना शिकवायचा. खांद्यावरून बघण्यासारखं बारीक तो काही सांगायचा नाही. सरावाला वेळेवर या आणि बर्फावरून हळू बाहेर येऊ नका, एवढंच त्याचं सांगणं. पण त्याने शौर्यला पहिल्याच सामन्यात पहिल्या जोडीत घातलं, आणि मग त्याला काढून तिथे घालायला त्याच्याकडे दुसरं कोणी नव्हतं. शौर्यचा जोडीदार होता लिआम नावाचा एक लठ्ठसा, सोनेरी केसांचा मुलगा. तो घसरून पडण्यात वाकबगार होता.

नॉर्थ पाइन हरत राहिलं. कधी एका गोलने, कधी पाच गोलांनी. तिथले शुक्रवार संध्याकाळचे सामने अबू धाबीत पहाटे संपत, म्हणून दळवींकडे ते शनिवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर लागत. केया निकाल आधीच बघून ठेवायची आणि चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही. सुचित्रा शौर्यला कोणी भिंतीवर आपटलं की उठून पाणी प्यायला जायची. एखाद्या सकाळी ती चार-पाच ग्लास पाणी प्यायची.

गुणवंत सुरुवातीला फक्त गुणफलक बघायचा. मग त्याच्या लक्षात आलं, की शौर्य बर्फावर असताना कधी कधी बराच वेळ काहीच घडत नाही. पक त्यांच्या बाजूला येतो, शौर्य कुठेतरी मधे उभा असतो, आणि समोरचे लोक कंटाळून पक दुसरीकडे मारतात. पहिल्यांदा त्याला वाटलं की पोरगा नुसता उभा आहे. मग कळलं की तो उभा आहे म्हणूनच काही घडत नाही. हे त्याला कारखान्यातून ओळखीचं होतं. जो पंप नीट चालतो त्याची फाइल वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. पण आपला मुलगा या प्रकारात मोडेल असं त्याने कधी धरलं नव्हतं. तो आता सामने थांबवून, मागे नेऊन बघू लागला.

जानेवारीत नॉर्थ पाइनचा सामना एल्डरब्रुकशी झाला, त्यांच्याच मैदानावर. स्टेडियम भरलेलं होतं. कॅमेरा एकदा प्रेक्षकांवरून फिरला तेव्हा वरच्या रांगेत जाडे कोट घातलेली माणसं बसलेली दिसली. केया म्हणाली, "दोज आर द स्काउट्स." एल्डरब्रुकच्या बाकामागे मॅकॉल हाताची घडी घालून उभा होता. ब्रेडन त्यांच्या तिसऱ्या जोडीत होता. त्या मोसमात एल्डरब्रुकचे दोन बचावपटू जखमी झाले होते, म्हणून त्याला जागा मिळाली होती आणि त्याने ती सोडली नव्हती. तो सुरेख खेळला.

नॉर्थ पाइन सहा-एक हरलं. सहापैकी चार गोल झाले तेव्हा शौर्य बर्फावर होता.

सामना संपला. सुचित्राने गुणवंतकडे बघितलं. गेल्या एप्रिलमधलं आपलं म्हणणं बोलून दाखवायला याहून चांगली सकाळ त्याला मिळणार नव्हती. त्याने दुसरा गोल पुन्हा लावला, मग पुन्हा एकदा. संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, त्याने शौर्यला फोन केला.

"दुसऱ्या गोलच्या वेळी तू मधेच का थांबलास? पक घेतलेला माणूस तर भिंतीकडून येत होता."

"यू सॉ दॅट?"

"तीनदा बघितलं."

"लिआम पडला होता," शौर्य म्हणाला. "मग ते दोघं आणि मी एकटा. तेव्हा पकवाल्याकडे जायचं नसतं. त्याला गोलकीपर बघतो. आपण पास अडवायचा."

"पण त्याने तर पास दिलाच नाही. सरळ मारला."

"हो. आणि आमच्या गोलीने सोडला. ही हॅज बीन सिक, बाबा. ताप होता त्याला."

"मग तुझं बरोबर होतं?"

"बरोबर होतं. गोल झाला."

गुणवंतने चौथ्या गोलचं विचारलं. तिथे खरंच चुकलं होतं, ते शौर्यने कबूल केलं आणि कसं चुकलं ते सांगितलं. मग सहाव्याचं निघालं. एरवी बापलेकाचा फोन हवा कशी आहे, जेवलास का आणि अभ्यास कसा चाललाय यात संपायचा. त्या दिवशी सुचित्राला शेवटी येऊन सांगावं लागलं की अहो, मलाही बोलायचंय त्याच्याशी.

त्यानंतर दर आठवड्याला हे होऊ लागलं. गुणवंत रुवैसला जेवणाच्या सुट्टीत कागदावर बर्फाचं मैदान काढून गोल-फुल्या मांडायचा. त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारे राजाभाऊ, मूळचे साताऱ्याचे, एकदा म्हणाले, "दळवी, शटडाउनचं प्लॅनिंग का?" तो म्हणाला, "नाही, लिआम पडला तर काय करायचं त्याचं."

जूनमध्ये शौर्य घरी आला. ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवसाच्या फेऱ्या अबू धाबीच्या वेळेने संध्याकाळी सुरू होणार होत्या. एका एजंटने त्याला सांगितलं होतं की सहाव्या-सातव्या फेरीत आशा आहे, पण पैज लावू नकोस. फहद आला, खजुराचा डबा घेऊन. केया लॅपटॉप पुढे घेऊन बसली आणि नावं वाचू लागली. नावं भराभर येत होती, प्रत्येक संघाचा कोणीतरी मायक्रोफोनशी येऊन एक नाव वाचायचा आणि जायचा.

चौथ्या फेरीत ब्रेडनचं नाव आलं. नावाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, एल्डरब्रुक.

शौर्यने लगेच फोन लावला. पलीकडे खूप आरडाओरडा होता, ब्रेडनची आई रडत होती, ते खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. शौर्य मनापासून हसत होता. फोन ठेवल्यावरही थोडा वेळ हसू तसंच राहिलं, मग गेलं.

सहावी फेरी संपली. सातवीत केया नावं वाचायची थांबली आणि नुसती बघत राहिली. शेवटचं नाव एका स्वीडिश गोलकीपरचं होतं. मग पडद्यावर आभाराची पाटी आली.

"खलास," फहद हळूच म्हणाला. त्याने शौर्यच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

"जेवायला वाढते," सुचित्रा म्हणाली. "फहदभाई, आप भी बैठो."

सगळे जेवले. शौर्यने दोनदा भात घेतला. जेवण झाल्यावर तो खोलीत गेला आणि दार लोटून घेतलं. गुणवंत दारापर्यंत गेला, बाहेर जरा वेळ थांबला आणि परत येऊन भांडी आवरू लागला. हे तो सहसा करत नसे.

दोन दिवसांनी अमेरिकेतून एक अनोळखी नंबर आला. एका व्यावसायिक संघाचा स्काउट बोलत होता. दर जुलैमध्ये संघ आपल्या निवडलेल्या मुलांचं शिबिर घेतात, त्यात न निवडलेल्या दोन-चार मुलांनाही बोलावतात, तर शौर्यने यावं असं त्याचं म्हणणं होतं. शौर्यने स्पीकर चालू केला. आपल्याला कुठे पाहिलं, असं त्याने विचारलं.

"जानेवारीत, एल्डरब्रुकला," स्काउट म्हणाला. "खरं सांगायचं तर मी ब्रेडनसाठी आलो होतो. पण तू सारखाच बर्फावर होतास, त्यामुळे तुला बघावंच लागलं. निवडण्याइतकी खात्री वाटली नाही. बोलावण्याइतकी वाटली."

फोन बंद झाल्यावर गुणवंत उसळून म्हणाला, "म्हणजे तो एल्डरब्रुकलाच बसला होता ना! मी काय सांगत होतो?"

"अँड आय वॉज प्लेइंग," शौर्य म्हणाला. "मी काय सांगत होतो?"

केया इतकी हसली की तिला ठसका लागला.

शिबिर आठवडाभराचं होतं. करार मिळाला नाही, तो कोणी देणारही नव्हतं. वजन वाढव, कॉलेज खेळत राहा, आम्ही बघतोय, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं. फहदने येऊन समजावून सांगितलं की यात तोटाच आहे असं नाही. ब्रेडनवर आता एका संघाचा हक्क आहे. शौर्यवर कोणाचाच नाही, कॉलेज संपता संपता जो संघ विचारेल त्याच्याशी तो बोलू शकतो, अगदी दोन-तिघांनी विचारलं तरी.

"म्हणजे अजून तीन वर्षं हेच चालायचं?" सुचित्राने विचारलं.

"तीन साल, इन्शाल्ला," फहद आनंदाने म्हणाला.

ऑगस्टच्या सुरुवातीला मॅकॉलचा पुन्हा फोन आला. एल्डरब्रुकचे तिघं जुने बचावपटू शिक्षण संपवून बाहेर पडले होते. आता जागा होती, दुसऱ्या जोडीत, ब्रेडनबरोबर. नियमाने कॉलेज बदलता येत होतं. शौर्यने हे संध्याकाळच्या चहाला सांगितलं.

"काही गरज नाही," गुणवंत तडकाफडकी म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"नाही, म्हणजे... तुम्ही बसवलंय ना आता काहीतरी. पहिली जोडी आहे. तो गोली बरा झालाय. आणि लिआम? त्याला दुसरं कोण सांभाळणार? शेवटच्या सामन्यांत तर तो पडतही नव्हता फारसा."

"बाबा, एल्डरब्रुक आहे," केया म्हणाली. "एल्डर-ब्रुक."

"माहितेय मला काय आहे ते."

शौर्यने बिस्किट चहात बुडवलं. "मी नाही सांगून झालंय, बाबा. फोनवरच."

"कारण काय सांगितलंस?"

"थँक यू म्हटलं. कारण त्यांनी विचारलं नाही."

तो महिनाअखेर परत गेला. ऑक्टोबरमध्ये नवा मोसम सुरू झाला, आणि नॉर्थ पाइन पहिला सामना तीन-दोन हरलं. लिआम एकदाच पडला. गुणवंतने शनिवारी सकाळी पूर्ण सामना बघितला, तिसरा गोल मागे नेऊन पुन्हा बघितला, आणि तिकडे उजाडायची वाट बघत पोहे खात बसला.